उंबराला चीक आला नाही

१

रविवारी सकाळी सात वाजता रेहानाबाई मेलेल्या उंबरापुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांना पहिली चीड आली ती स्वतःची.

सह्यछाया सोसायटीच्या मागे, मखमलाबादच्या कालव्याकडे उतरत जाणारी ही अर्ध्या एकराची पट्टी. अकरा वर्षांपूर्वी इथं मुरूम आणि फुटक्या काचा होत्या. आता शंभरावर झाडं होती. त्यातली कुंपणालगतची रांग मेली होती. तीन आंबे, दोन फणस, दोन उंबर. पानं कडेकडेनं भाजल्यासारखी तपकिरी झाली आणि गळून गेली. मे महिना होता, तेव्हा पंधरा दिवस सगळे उन्हाला नावं ठेवत राहिले. मग शुक्रवारी खोडांवरची कडी दिसली. गुडघ्याच्या वर, चार बोटं रुंद, गोल फिरवून काढलेली साल. असं काम कोयत्यानंच होतं, आणि सोसायटीत कोयता एकाच माणसाकडे होता. हरसूलकडच्या बुधाकडे. ज्यानं ही झाडं वाढवली त्या माळ्याकडे.

शनिवारी संध्याकाळी सेक्रेटरी सुनील खैरनार अर्ज घेऊन दारोदार फिरले. 'माळी बुधा याने रागाच्या भरात झाडे मारली असून त्याच्यावर गुन्हा नोंदवावा.' रेहानाबाईंच्या गॅसवर तेव्हा दूध होतं. त्यांनी वाचल्यासारखं केलं आणि सही ठोकून दार लावलं. सातवी सही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना मुलांना बजावलं होतं, आधी बघा, मग लिहा. रात्रभर तेच वाक्य कानात वाजत राहिलं, म्हणून सकाळी त्या बघायला खाली आल्या होत्या. सहीनंतर बारा तासांनी.

त्या वाकल्या. चष्मा कपाळावर सरकवून नाक सालीला टेकेल इतक्या जवळून पाहू लागल्या.

उंबराला नखानं खरवडलं तरी पांढरा चीक येतो. सुकला की त्याचा तपकिरी, चिवट थर होतो आणि तो महिनोन्महिने हलत नाही. इथं चार बोटं रुंद साल निघाली होती आणि चिकाचा एक थेंब नव्हता. जखमेच्या कडेला नव्हता, खाली मातीवर नव्हता. आतलं लाकूड जुन्या फळीसारखं कोरडं.

त्या दुसऱ्या उंबराकडे गेल्या. तिथंही तेच.

म्हणजे कोयता लागला तेव्हा उंबर जिवंत नव्हता. मग मेलेल्या झाडाची साल कुणी, कशासाठी काढली?

संध्याकाळी पाच वाजता मीटिंग होती. मीटिंग झाली की अर्ज पोलिसांत जाणार होता.

२

बुधा अवजारांच्या खोलीबाहेर पायरीवर बसला होता. खोलीची दुसरी किल्ली खैरनारांकडे असे, त्यांनी कुलूप घातलं होतं. कोयता पुरावा म्हणून जप्त झाला होता.

"बुधा, साल तू काढलीस?"

"नाय."

"मग काल बोलला का नाहीस?"

"इचारलं कुणी?" बुधानं मान वर केली नाही. "साहेब म्हणले, तू काढली. मंग कागद लिवला. मधी इचारायचं राहून गेलं त्यांचं."

रेहानाबाई पायरीवर त्याच्या शेजारी बसल्या, तसा तो घाईनं बाजूला सरकला.

"पोलिसांत नाव गेलं तर?"

"आमच्या गावचा एक पोरगा हाय. मोबाइल चोरला म्हणून धरला. दोन दिवसांनी मोबाइल त्याच घरात सोफ्याखाली सापडला. पण नाव गेलं ते गेलं. आता त्याला नाशकात कोणी गेटाच्या आत घेत नाय." बुधानं तळहात पँटला पुसले. "मला दुसरं काय येत नाय मॅडम. झाडाचंच येतं."

"चल, मला रांग दाखव."

रांगेच्या दुसऱ्या टोकाला दोन करंज होते. हिरवेगार. रेहानाबाई सकाळी इथवर आल्याच नव्हत्या. बुधानं खाली बोट दाखवलं. करंजांच्या खोडांवरही तीच कडी होती. तीच उंची, तीच चार बोटं.

"कडी नऊ झाडांना," बुधा म्हणाला. "मेली सात."

त्यांनी करंजाच्या जखमेवर बोट फिरवलं. बोटाला ओल लागली. वरची कड किंचित फुगायला लागली होती, झाड स्वतःला शिवू पाहत होतं. ज्यानं हे केलं त्यानं एकाच दिवशी सरसकट नऊ झाडांवरून कोयता फिरवला होता. सात मेलेली आणि दोन जिवंत. त्याला फरक कळला नव्हता, किंवा बघायची गरज वाटली नव्हती. रांगेतली सगळी मरणार हे तो धरूनच चालला होता. आणि एवढ्या दिवसांत साल काढलेलं झाड मरतही नाही. मुळं उपाशी पडायला महिने जातात.

"पाणी किती देतोस यांना?"

"मोठ्या झाडाला पाणी कशाला?" बुधा पहिल्यांदा जरा तावात आला. "तीन उन्हाळं पाजलं, मंग सोडलं. पोर चालाया लागलं तरी कडेवर घ्यायचं का? मुळं खाली जाऊन शोधतात की. पाला पण उचलत नाय मी, त्योच खत. साहेब म्हणायचे झाडून काढ, फोटोत घाण दिसतं. मी नाय म्हणलं. त्यावरून भांडण झालं."

"आणि ही ठिबकची नळी?" पंपघरालगतच्या खताच्या टाकीपासून रांगेच्या मुळांशी काळी नळी गेली होती, पाल्याखाली अर्धी गाडलेली.

"ती बंद हाय कवाची. टोक उघडं ठेवलंय मीच. कोणी लाड करायला चालू केली तर पाणी भसकन निघून जाईल, झाडाला लागणार नाय."

रेहानाबाईंनी मान हलवली आणि नळीचा विचार तिथंच सोडून दिला. ती त्यांची दुसरी चूक.

३

कुंपणाच्या तुटक्या जागेतून तीन शेळ्या आत आल्या होत्या. पाठोपाठ काठी घेऊन आक्काबाई. कालव्याच्या कडेनं शेळ्या चारणारी ही म्हातारी सोसायटीला माहीत होती ती तिच्या शिव्यांमुळे.

"आक्काबाई, शेळ्या बाहेर काढा! उरलेली झाडं तरी राहू द्या."

"झाडाला कोन तोंड लावतंय?" आक्काबाई उसळली. "माझ्या शेरड्यांनी एक पान खाल्लं असंल तर दाखव! महिना झाला, यांना येडच लागलंय. तिकडं एवढा पाला सोडून इथं येत्यात आन माती चाटत बसत्यात. लय हाकलल्या. हाटत नाय."

शेळ्या खरंच फणसाखालची जमीन चाटत होत्या, डोळे अर्धे मिटून. रेहानाबाईंनी पाहिलं, आणि पुढे निघाल्या. डोक्यात नावं घोळत होती. झाडं कुणाला नको होती?

सगळ्यांत आधी पिंकीवहिनींना. पहिल्या मजल्यावर, बरोबर आंब्यासमोर त्यांची बाल्कनी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा रोजचा एक फोटो ठरलेला, गाडीवर पडलेला पाला.

"या मॅडम. चहा टाकते, पण चव येणार नाही, आधीच सांगते," पिंकीवहिनींनी दारातच सुरुवात केली. "पाणी काय घाण येतंय सध्या! साबणाला फेस नाही, केस नुसते काथ्यासारखे. रामनवमी झाली तेव्हापासून. खैरनारकाकांना तीनदा सांगितलं. म्हणतात, तुमचा गीझर खराब. अहो, बेसिनला काय गीझर लावलाय?"

"वहिनी, झाडांबद्दल विचारायचं होतं."

"म्हणजे मी मारली?" वहिनी हसल्या, पण हसू टिकलं नाही. "मला राग होता, खोटं कशाला बोलू? पण मारायची... आता दुपारी या बाल्कनीत उभं राहवत नाही. पडदा लावून बसते. आंबा होता तेव्हा पंखा लागत नव्हता, हे आत्ता कळतंय." त्यांनी मोबाइल पुढे धरला. "तक्रार करायला काढलेले फोटो आता बघत बसते. हा बघा, रंगपंचमीचा. पाला किती, आणि आमची अंजली त्यातच लोळतेय."

वहिनींची छोटी मुलगी गुलाबी तोंडानं पाल्यात बसली होती, हातातली काळी नळी दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून. मागे करंजावर पाटी होती. 'करंज. क्रमांक ९.'

"गोड आहे," रेहानाबाई म्हणाल्या आणि मोबाइल परत दिला.

४

खैरनारांचं घर लख्ख होतं. चपला एका रेषेत. भिंतीवर प्रमाणपत्रं, त्याही एका रेषेत. ओझरला विमानांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर सोसायटीचं पंपघर, सॉफ्टनर, लिफ्ट, सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं. यंत्राला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना चालत नसे.

"मला झोप नाही हो मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "पोटची पोरं गेल्यासारखं वाटतंय. त्या बुधाला मी काय कमी केलं?"

ते बोलता बोलता एक पत्र्याची पाटी पुसत होते. मेलेल्या आंब्यावरची. 'आंबा. क्रमांक २. संकल्पना व संवर्धन : सुनील खैरनार.' पाटीला बारीक चकचकीत तारेचा फास होता.

"ही तार सुरेख बांधलीय," रेहानाबाई सहज म्हणाल्या.

खैरनारांचा चेहरा उजळला. "दोन पदर, एकसारखा पीळ, इंचात ठरावीक वेढे. आणि टोक बघा, आत वळवलेलं, कुणाच्या बोटाला टोचू नये. विमानात बोल्ट ढिला होऊ नये म्हणून असाच बांधतात. आता हात दुसऱ्या तऱ्हेनं चालतच नाही. झोपेतसुद्धा असाच पीळ देईन."

"बुधानंच केलं, याची तुम्हाला खात्री आहे?"

"अजून कोण?" ते थांबले. आवाज आणखी उतरला. "तसं म्हटलं तर... मी कुणाचं नाव घेत नाही. पण कुंपणापलीकडे ढोमसेंचं लग्नाचं लॉन्स झालंय. त्यांना आपल्या पट्टीतून गाड्यांना वाट हवी होती. आपण नाही म्हटलं. कुंदन ढोमसे निफाडचा द्राक्षवाला, त्याच्याकडे औषधांची काय कमी? बुधाला त्यानंच हाताशी धरलं असेल."

रेहानाबाई उठल्या. दाराशी रद्दीत मार्चमधला वर्तमानपत्राचा एक कागद पडला होता. वर मोठा फोटो, बुधा खांद्यावर घमेलं घेऊन. मथळा होता, 'हरसूलच्या बुधानं उभं केलं जंगल'. हीच बातमी वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवलेली होती, मग एक दिवस नाहीशी झाली. फोटोवर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता. एकदा नव्हे, बऱ्याचदा. बुधाच्या तोंडावर गोल डागच डाग होते.

५

"मी? मी झाडं मारली?" कुंदन ढोमसेंचा आवाज लॉन्सच्या मंडपात घुमला. "मॅडम, तुम्ही मास्तरीण आहात म्हणून ऐकून घेतो. त्या खैरनाराला सांगा, समोर येऊन बोल!"

"ओरडू नका. मीपण ओरडू शकते," रेहानाबाई म्हणाल्या. "वाट हवी होती का नव्हती?"

"हवी होती. अजून हवी आहे. म्हणून काय झाडं मारू? हे ठिबक कुणी दिलं सोसायटीला? मी दिलं, फुकट. माझ्या बागेतलं उरलेलं. स्वतः येऊन बसवलं." ते तरातरा कुंपणाकडे निघाले. "आणि इकडे या, हे बघा. माझ्या लॉन्सची ही कड. बघितली का?"

कुंपणाच्या खालच्या अंगाला हिरवळीची दोन हात रुंद पट्टी पिवळी पडली होती.

"तुमच्याकडून उतार माझ्याकडे आहे. तिकडे जे काय ओतलं ते इकडे झिरपलं. पंधरा दिवसांवर लग्नं आलीत, मी स्वतःच्या अंगणात विष उतरवेन? एवढा येडा दिसतो का मी?"

रेहानाबाई पिवळ्या गवताकडे बघत राहिल्या. ओतलं. झिरपलं. त्या कुंपणाला वळसा घालून पुन्हा रांगेपाशी आल्या. ढोमसे बडबडत मागे. शेळ्या परत आल्या होत्या आणि पुन्हा माती चाटत होत्या. सात मेलेली झाडं, दोन जिवंत करंज. करंजच का? शाळेची सहल एकदा कोकणात गेली होती. खाडीच्या काठाला, भरतीचं पाणी मुळांशी येत होतं अशा जागी, करंज उभे होते, असेच हिरवेगार. मुलांनी विचारलं होतं, बाई, यांना हे पाणी कसं चालतं?

त्या खाली बसल्या. नळीच्या एका छिद्राखालची माती पांढरट होती, वाळलेल्या पापुद्र्यासारखी. त्यांनी चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

"अहो मॅडम! माती काय खाताय?"

"मीठ," रेहानाबाई थुंकत म्हणाल्या. "मीठ आहे हे!"

पिंकीवहिनींच्या साबणाला रामनवमीपासून फेस नव्हता. बोअरचं जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरला पोत्यांनी मीठ लागतं. ते मीठ सॉफ्टनरमध्ये गेलंच नव्हतं. ते ठिबकच्या खताच्या टाकीत विरघळून, नळीतून, थेंब थेंब करत इथं आलं होतं. दोन महिने, झाडांच्या मुळांत, रोज.

एका फटक्यात झाड तोडणारा त्यांना परवडला असता. हा माणूस रोज येऊन टाकी भरत होता. रोज बघत होता, पान किती जळलं.

"पण बुधा म्हणतो, नळीचं टोक उघडं होतं. मग पाणी छिद्रांतून कसं आलं?"

ढोमसेंनी नळी उचलली आणि पाल्याखालून ओढत टोकाशी गेले. टोक दुमडून बंद केलेलं होतं. ते बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे आमच्या माणसाचं काम नाही. द्राक्षबागेत आम्ही नळी दुमडतो आणि आठच्या आकड्याची रिंग घालतो. रिंग नसली तर सुतळी. हे असलं कौतुक कोण करत बसणार?"

दुमडलेल्या नळीवर बारीक, चकचकीत तार होती. दोन पदर, एकसारखा पीळ. टोक आत वळवलेलं, कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून.

६

पाचच्या मीटिंगला वीसेक माणसं होती. टेबलावर अर्ज होता, त्यावर चौदा सह्या. शेजारी कोयता, प्लास्टिकच्या पिशवीत. बुधाला बोलावलंच नव्हतं.

"विषय एकच आहे," खैरनारांनी सुरुवात केली.

"एकच आहे," रेहानाबाई उभ्या राहिल्या. "आणि तो मी मांडते."

त्यांनी सगळं ओळीनं सांगितलं. चीक न आलेला उंबर, म्हणजे झाड मेल्यावर साल काढली, आळ बुधावर यावा म्हणून. कोयता कोण घेऊ शकतो, तर अवजारांच्या खोलीची दुसरी किल्ली ज्याच्याकडे आहे तो. वाचलेले करंज, माती चाटणाऱ्या शेळ्या, फेस न येणारा साबण.

"अय्या, म्हणून!" पिंकीवहिनी ओरडल्या. "आणि मला गीझर बदलायला सांगत होते!"

"सॉफ्टनरला हात कोण लावतं? एकच माणूस. लिफ्टचा दिवा गेला तर दहा मिनिटांत बदलणारा माणूस पाण्याच्या तक्रारीकडे दोन महिने काणाडोळा करतो, हे मला पटलं नाही." रेहानाबाईंनी कापून आणलेलं नळीचं टोक टेबलावर ठेवलं. शेजारी दुसऱ्या आंब्यावरून काढून आणलेली पाटी ठेवली. "बघा. पीळ मोजून बघा."

कुणीतरी खरंच वाकून मोजायला लागलं.

खैरनारांनी चष्मा पुसला. "तार माझीच आहे. मी कुठे नाही म्हणतो? तीन वर्षांपूर्वी ठिबक बंद केलं तेव्हा मी ते टोक बांधून ठेवलं. चांगली तार आहे, गंजत नाही. एवढ्यावरून मला गुन्हेगार ठरवणार? आणि टोक उघडं होतं म्हणून सांगतो कोण? तर बुधा."

खोलीत कुजबुज झाली. दोन-तीन माना हलल्या. बुधाचा शब्द आणि खैरनारांचा शब्द, या दोघांत इथं कुठला जड हे रेहानाबाईंना ठाऊक होतं. कालपर्यंत त्यासुद्धा त्याच पारड्यात बसल्या होत्या.

उघडं टोक. उघडं टोक कुणी पाहिलं? आणि एकदम त्यांना गुलाबी तोंड आठवलं.

"पिंकीवहिनी! रंगपंचमीचा फोटो! काढा लवकर."

मोबाइल हातोहात फिरला. गुलाबी अंजली, डोळ्याला काळी नळी, मागे 'करंज. क्रमांक ९'. रांगेचं शेवटचं झाड, नळीचं शेवटचं टोक.

"मोठा करा फोटो. दुर्बीण करून खेळतेय ती. नळीच्या भोकातून तिचा डोळा दिसतोय, बघा. दुमड नाही, तार नाही. हा मार्चमधला फोटो आहे, तीन वर्षांपूर्वीचा नाही. मग मार्चनंतर हे टोक कुणाच्या हातानं बांधलं, खैरनारसाहेब? झोपेत?"

खैरनारांनी फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्यांनी मोबाइल सरळ रेषेत टेबलावर ठेवला, आणि त्यांचा आवाज चिरकला.

"अकरा वर्षं! जागा मी मिळवली. महापालिकेत खेटे मी घातले. रोपं माझ्या स्कूटरवर आणली मी! आणि पेपरात काय छापून आलं? बुधाचं जंगल! माझं नाव नाही. एका ओळीत नाही! सोसायट्यांच्या बागांच्या स्पर्धेचे परीक्षक आले, तर म्हणतात, त्या बुधाला भेटायचंय. झाडू मारायला सांगितलं तर मला उलट शिकवतो, पाला खत असतं म्हणून! तो गेला असता तर मी पुन्हा लावली असती. शंभर लावली असती!"

"आपल्या नावाच्या पाट्यांसकट," रेहानाबाई म्हणाल्या. "नऊ जिवंत झाडांना दोन महिने मीठ पाजलंत. का, तर एका माणसाचा फोटो छापून आला."

मग मागून एक घसा खाकरला गेला. "जाऊ द्या मॅडम. झालं ते वाईट झालं. पण आता घरातली गोष्ट आहे. खैरनारकाकांचं वय बघा. पोलिसबिलिस कशाला? माफी मागतील, दोन रोपं लावतील..."

"बरोबर आहे," आणखी कुणी म्हणालं. "सोसायटीचं नाव खराब होईल."

हीच माणसं. काल रात्री जिन्यात उभ्या उभ्या सही करणारी. तेव्हा कुणाला वय आठवलं नव्हतं, घर आठवलं नव्हतं.

रेहानाबाईंनी अर्ज ओढून घेतला. पेन काढलं. 'माळी बुधा' या शब्दांवर एक आडवी रेघ मारली, वर 'सेक्रेटरी सुनील खैरनार' असं शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं ठळक लिहिलं.

"सह्या आधीच झाल्यात. चौदा. मजकूर तोच आहे, झाडं मारली, गुन्हा नोंदवावा. काल पटला होता ना सगळ्यांना? आता खाडाखोडीवर फक्त छोटी सही लागेल. माझी पहिली." त्यांनी ती केली आणि कागद टेबलाच्या मधोमध सरकवला. "ज्याला आज पटत नसेल त्यानं उभं राहून सांगावं की काल का पटलं होतं."

पंखा फिरत होता. खुर्च्या करकरल्या, पण उभं कुणी राहिलं नाही. पिंकीवहिनींनी पदर खोचला, पुढे आल्या आणि पेन घेतलं.

"काका, गीझरवाल्याला मी उगाच शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या आणि सही केली.

मग एकेक जण उठला.

रेहानाबाई बाहेर आल्या तेव्हा बुधा करंजाच्या बुंध्याशी बसला होता. पाल्याखालून त्यानं दुसरी एक नळी काढली होती, तिच्याही टोकाला तसाच पीळ होता, आणि तो नखांनी सोडवायचा प्रयत्न करत होता.

"बुधा, तुझं नाव काढलं. खैरनारांनी कबूल केलं." त्या आणखी जवळ आल्या. "त्या कागदावर माझीपण सही होती."

"ठावं हाय. सातवी." त्यानं वर पाहिलं नाही. "साहेबांनी मला नावं वाचून दाखवली. मी म्हणलं, रेहानामॅडम हायत त्यात? ते म्हणले, हायत. मंग मी घरी फोन केला, की म्हणलं, येतो आता परत."

रेहानाबाईंनी करंजाच्या जखमेवर हात ठेवला.

"करंजाला गोडं पाणी पायजे," बुधा म्हणाला. "लय पायजे. मीठ खाली धुवून न्यायला. ढोमसे टँकर देतो म्हणला. ह्या उंबराकडं बघवत नाय, पण ह्या दोघांचं बघायला लागंल." त्यानं तार पुन्हा ओढली. बोटातून रक्त आलं. "सुटत नाय. लय पक्की बांधलीय. कोयता पायजे माझा."

कोयता आत टेबलावर होता, पिशवीत, पुरावा म्हणून.

"आणते," रेहानाबाई म्हणाल्या, आणि मीटिंगच्या खोलीकडे परत चालू लागल्या.